विषाणू पेशीत शिरतो, मग काय होतं? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत डेंग्यूची तपासणी आहे, काजूच्या बागायतीतले गोचीड आहेत, कुत्र्याचा चावा आहे आणि भेंडीचा मळाही आहे. विषय वेगवेगळे असले तरी सगळ्या उत्तरांची वाट एकाच ठिकाणाहून जाते. विषाणूला स्वतःहून काही घडवता येत नाही, त्याला पेशी लागते. त्या पेशीतला त्याचा प्रवास कुठवर आला आहे यावर उपाय लागू पडेल की नाही हे ठरतं. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : "विषाणू सजीव पेशीतच पुनरुत्पादन करतात" एवढं एक वाक्य सांगून आम्ही वर्गात पुढे जातो. मुलं विचारतात, म्हणजे जिवाणूंसारखे एकाचे दोन होतात का? ओळखीचा एखादा विषाणू घेऊन नेमकं काय घडतं ते सांगाल का?
– उच्च माध्यमिक शिक्षिका, डिचोली

उत्तर : एकाचे दोन होत नाहीत. मुलांना हा फरक पहिल्याच तासाला सांगायला हवा. जिवाणू खातो, वाढतो, आपला डीएनए दुप्पट करतो आणि मधोमध विभागतो. विषाणू वाढतही नाही आणि विभागतही नाही. पेशीत शिरल्यावर तो सुटा होतो. मग पेशीकडून त्याचे भाग वेगवेगळे घडवून घेतले जातात आणि त्यांची जुळणी होऊन नवे कण बनतात.

गोव्यातल्या मुलांना डेंग्यू ठाऊक असतोच, तेव्हा त्याचंच उदाहरण घेऊ. डेंग्यूच्या विषाणूचा कण साधारण ५० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे २० हजार कण ओळीने मावतील. आत आरएनएचा एकच धागा असतो, सुमारे १०,७०० अक्षरांचा. त्याभोवती प्रथिनाचं कवच, कवचावर मेदाचं पातळ आवरण आणि त्या आवरणावर 'ई' नावाच्या प्रथिनाच्या १८० प्रती. प्रथिनं घडवणारे यंत्र, म्हणजे रायबोसोम, नाही, ऊर्जा तयार करण्याची सोय नाही.

डासाच्या सोंडेतून हा कण त्वचेत येतो. 'ई' प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या रेणूंना चिकटतं. बाहेरचा एखादा उपयोगी पदार्थ आत घ्यावा तशीच पेशी त्या कणाला एका पिशवीत गुंडाळून आत ओढते. अशी पिशवी आत गेली की पेशी तिच्यातली आम्लता वाढवते, हा पेशीचा नेहमीचाच क्रम. विषाणू नेमकी याच बदलाची वाट पाहत असतो. आम्लता वाढताच जोडीजोडीने आडवी पडलेली 'ई' प्रथिनं उठून तिघातिघांचे गट करतात आणि त्यांचं टोक पिशवीच्या पडद्यात घुसतं. विषाणूचं आवरण आणि पिशवीचा पडदा एकजीव होतात आणि आरएनए पेशीद्रवात मोकळा होतो. प्रयोगशाळेत पिशव्यांतली आम्लता वाढू दिली नाही, तर विषाणू आत येऊनही तिथेच अडकून पडतो.

डेंग्यूचा आरएनए पेशीच्या संदेशवाहक आरएनएसारखाच, म्हणजे प्रथिन घडवण्याच्या हुकमासारखाच, वाचता येतो. त्यामुळे पेशीचे रायबोसोम त्यावर लगेच कामाला लागतात आणि सुमारे ३,४०० अमिनो आम्लांचं एकच लांबलचक प्रथिन तयार करतात. ते कापलं जाऊन १० प्रथिनं सुटी होतात. कापायचं काम काही ठिकाणी विषाणूचं 'एनएस३' हे एन्झाइम करतं, काही ठिकाणी पेशीची स्वतःची एन्झाइमं. या दहांपैकी तीन प्रथिनं नव्या कणाच्या बांधणीत जातात. उरलेली सात नक्कल करण्याचं आणि पेशीचा बचाव मोडून काढण्याचं काम करतात.

आरएनएवरून दुसरा आरएनए उतरवण्याचं हे काम आपली पेशी विषाणूला करून देत नाही. म्हणून विषाणूला त्यासाठीचं एन्झाइम स्वतः घडवावं लागतं. डेंग्यूत ते आहे 'एनएस५'. ते आधी मूळ धाग्याचा उलटा धागा बनवतं आणि त्या उलट्या धाग्यावरून पुन्हा मूळ धाग्याच्या पुष्कळ प्रती काढतं. या कामात साधारण दर १० हजार ते १ लाख अक्षरांमागे एक चूक होते आणि ती दुरुस्त करणारं कोणी नसतं. १०,७०० अक्षरांच्या विषाणूत याचा अर्थ असा, की एकाच रुग्णाच्या रक्तातले विषाणूही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.

नव्या प्रती पेशीतल्या अंतर्द्रव्यजालिका नावाच्या जाळीच्या पडद्यांवर कवचात गुंडाळल्या जातात. मेदाचं आवरण तिथूनच मिळतं. हे कण अजून कच्चे असतात, कारण 'ई' प्रथिनावर एक टोपणासारखं प्रथिन बसलेलं असतं. ते नसतं, तर बाहेर पडतानाच्या आम्लतेत कण पेशीतच फुकट गेला असता. बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या गॉल्जी पिंडात 'फ्युरिन' हे पेशीचंच एन्झाइम ते टोपण कापतं आणि पिकलेला कण पेशीबाहेर पडतो.

वर्गात आवर्जून सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. विषाणू आत शिरल्यानंतर काही काळ पेशी फोडून पाहिली, तर तिच्यात संसर्ग करू शकणारा एकही अखंड कण सापडत नाही. डेंग्यूत हा काळ साधारण अर्ध्या दिवसाचा असतो. ई-कोलाय जिवाणूवर जगणाऱ्या टी४ विषाणूत ३७ अंश सेल्सिअसला तो दहा-बारा मिनिटांचाच असतो आणि सुमारे २५ मिनिटांत जिवाणू फुटून शंभराच्या वर कण बाहेर पडतात. एलिस आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये असा वाढीचा आलेख मांडला. जिवाणूंची संख्या २, ४, ८ अशी चढत जाते. विषाणूंचा आलेख आधी सपाट राहतो आणि मग एकदम उभा चढतो. फळ्यावर हे दोन आलेख शेजारी-शेजारी काढले, तर मुलांना "एकाचे दोन होतात का?" याचं उत्तर डोळ्यांनी दिसेल.

सगळे विषाणू असेच वागतात असं मात्र सांगू नका. रेबीजच्या विषाणूचा आरएनए उलट्या धाटणीचा असतो, रायबोसोमना तो वाचता येत नाही. म्हणून त्याला नक्कल करणारं एन्झाइम कणातच बरोबर न्यावं लागतं. कांजिण्यांचा विषाणू डीएनएचा, तो केंद्रकात जातो. एचआयव्ही आरएनएवरून डीएनए बनवून तो आपल्या गुणसूत्रात बसवतो. संदेशवाहक आरएनएपर्यंत विषाणू कोणत्या वाटेने पोहोचतो यावरून शास्त्रज्ञ बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये विषाणूंची वर्गवारी केली. आज तिच्यात सात गट आहेत.

प्रश्न : विषाणू सजीव की निर्जीव? आणि मिरामारच्या समुद्राच्या पाण्यात विषाणू असतात हे खरं आहे का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, पणजी

उत्तर : पेशीबाहेरचा कण श्वास घेत नाही, खात नाही, वाढत नाही. शास्त्रज्ञ स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये तंबाखूवरच्या केवडा रोगाच्या विषाणूचे स्फटिक बनवले, आणि ते पाण्यात विरघळवल्यावर पुन्हा रोग झाला. संसर्ग झालेली पेशी मात्र पूर्णपणे जिवंत असते आणि विषाणूच्या हुकमावर काम करत असते. आमच्या मते कणाला निर्जीव म्हणावं आणि त्याच्या जीवनचक्राचा विचार पेशीसकट करावा. परीक्षेत "सजीव-निर्जीवाच्या सीमेवर" लिहिलंत तरी गुण मिळतील.

समुद्राचं म्हणाल तर मिरामारच काय, कुठल्याही समुद्राच्या वरच्या थरातल्या एका मिलिलीटर पाण्यात साधारण १ कोटी विषाणू कण असतात. ते बहुतेक सगळे समुद्री जिवाणूंवर जगणारे. माणसाच्या पेशीवर त्यांना चिकटायला जागाच नसते. पोहताना काळजी करायची ती सांडपाण्याच्या नाल्याची.

प्रश्न : मुलाला ताप आला. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी केलेली डेंग्यूची एक चाचणी होकारार्थी आली. शेजारच्या मुलाची तीच चाचणी सातव्या दिवशी नकारार्थी आली, पण नंतर त्याला डेंग्यूच निघाला. चाचण्यांवर विश्वास ठेवायचा की नाही?
– एक पालक, फोंडा

उत्तर : चाचणी बहुधा चुकीची नव्हती, दिवस चुकीचा होता. 'एनएस१' हे वर सांगितलेल्या सात प्रथिनांपैकी एक. संसर्ग झालेल्या पेशी ते रक्तात सोडतात. म्हणजे पेशींत विषाणूची घडण जोरात चालू असेपर्यंत ही चाचणी होकारार्थी येते, तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत. दुसऱ्यांदा डेंग्यू होत असेल, तर शरीरात आधीच्या प्रतिपिंडांचा साठा असल्यामुळे हे प्रथिन त्याहूनही लवकर दिसेनासं होऊ शकतं. 'आयजीएम' ही प्रतिपिंडांची चाचणी पाचव्या दिवसाच्या आसपास होकारार्थी येऊ लागते. तेव्हा पहिल्या पाच दिवसांत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम. झटपट पट्टीवरच्या निकालापेक्षा प्रयोगशाळेतल्या एलायझा पद्धतीचा निकाल अधिक भरवशाचा. रक्त देताना ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला ते कागदावर लिहून न्या.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे ताप उतरण्याचा दिवस. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि ज्यांना धोका असतो त्यांना तो याच वेळी गाठतो. त्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू शकतो. सतत उलट्या, पोटात जोराचं दुखणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळाठून पडणं, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा, प्लेटलेटचा आकडा येण्याची वाट बघू नका. आकड्याच्या मागे लागून रक्त घट्ट होतंय का, म्हणजे हिमॅटोक्रिट वाढतंय का, हे पाहायचं राहून जातं. तापासाठी पॅरासिटामॉल चालेल. अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

आणि घराभोवती पाहा. रुग्णाला चावलेल्या डासाच्या पोटातून लाळग्रंथीपर्यंत पोहोचायला विषाणूला ८ ते १२ दिवस लागतात. अंड्यापासून डास व्हायलाही आठवडा-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतणं पुरतं. पण नुसतं ओतू नका. एडीस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी असूनही काही महिने टिकतात. बादली, पिंप, फ्रिजमागचा ट्रे आतून घासून काढा. करवंट्या पालथ्या घाला, ताडपत्रीच्या खळग्यांत पाणी साचू देऊ नका.

प्रश्न : काजूच्या हंगामात आम्ही पहाटेपासून बागायतीत असतो. जंगलाच्या कडेला माकड मरून पडलं की लोक घाबरतात. माकडताप माकडाला हात लावल्याने होतो का? काळजी काय घ्यायची?
– काजू बागायतदार, वाळपई

उत्तर : माकडताप गोचिडीच्या चाव्याने होतो. हा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला. तो १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात त्याचे रुग्ण आढळले आणि २०१६ मध्ये शेजारच्या महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यात.

चक्र असं आहे. पावसाळ्यानंतर गोचिडीची पिल्लं बाहेर येतात आणि उंदीर, चिचुंद्री किंवा माकडाचं रक्त पितात. त्या प्राण्यात विषाणू असेल, तर तो पिल्लाच्या शरीरात वाढतो आणि कात टाकल्यानंतरच्या पुढच्या अवस्थेतही टिकून राहतो. ही मधली अवस्था माणसाला चावते. ती जेमतेम १ ते दीड मिलिमीटरची असते, अंगावर चढली तरी कळत नाही. तिचा जोर डिसेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे तुमचा बोंडू गोळा करायचा सगळा हंगाम त्यातच येतो. वाळका पाला, लाकूडफाटा, गुरांची वाट ही तिची ठिकाणं.

माकडांत हा विषाणू फार वेगाने वाढतो आणि ती मरतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात. धोका तिथे आहे. म्हणून मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, ते ओढून टाकू नका, पुरूही नका. वन खात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. ते जागेभोवती गोचीडनाशक भुकटी मारतात आणि नमुना तपासायला पाठवतात. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकल्यासारखं वागवण्याचं काही कारण नाही.

बागायतीत जाताना पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा सदरा घाला, पँट मोज्यांत खोचा. आरोग्य खात्याकडून गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल मिळत असेल, तर उघड्या अंगाला लावून जा. पाल्यावर बसू नका, खाली गोणपाट घालूनही नको. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा आणि काखा, जांघा, कानामागची जागा, कमरेचा पट्टा बसतो तिथली कातडी नीट तपासून घ्या. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढा आणि जागा साबणाने धुवा. रॉकेल किंवा पेटती विडी लावून तिला डिवचू नका, बोटांनी चिरडूही नका.

चाव्यानंतर ३ ते ८ दिवसांत अचानक जोराचा ताप, कपाळ ठणकणं, अंग मोडून येणं अशी सुरुवात होते. काहींना नाका-हिरड्यांतून रक्त येतं. काहींचा ताप उतरून आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो, त्या वेळी मान ताठरणं किंवा हात कापणं अशी मेंदूची लक्षणं दिसतात. रुग्णांपैकी साधारण ३ ते ५ टक्के दगावतात. विषाणूवर थेट चालणारं सिद्ध औषध नाही. पण द्रव आणि रक्तस्राव वेळेवर सांभाळले तर बहुतेक जण बरे होतात. डॉक्टरांना "मी काजूच्या बागायतीत काम करतो" हे न विचारता सांगा. त्यावरून ते पहिल्या आठवड्यातच आरटी-पीसीआरसाठी रक्त पाठवतील. नाहीतर मलेरिया, डेंग्यू, लेप्टो अशा चाचण्यांतच दिवस जातात.

प्रश्न : लस रोग होण्याआधी घ्यायची असते. मग कुत्रा चावल्यावर घेतलेली लस कशी चालते? गोव्यात आता रेबीज नाही म्हणतात, तरी घ्यायलाच हवी का?
– वाचक, म्हापसा

उत्तर : घ्यायलाच हवी. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला, ते कुत्र्यांच्या सातत्याच्या लसीकरणाचं फळ आहे. पण नियंत्रित म्हणजे संपलेला नव्हे, आणि आपल्या सीमा दोन राज्यांना लागून आहेत. कुत्र्याला राज्याची हद्द कळत नाही.

चावल्यानंतरची लस चालते, कारण रेबीजचा विषाणू संथ आहे. लाळेतून तो स्नायूत येतो, तिथे काही काळ थांबतो किंवा थोडा वाढतो, आणि मग मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो. तंतूच्या आत पेशी आपला माल ज्या वाहतुकीने वर नेते, तिच्यावरच स्वार होऊन तो मेंदूकडे निघतो. लक्षणं दिसायला बहुतेकदा १ ते ३ महिने लागतात. चेहरा, मान किंवा हातांवर चावा असेल तर कमी. लसीमुळे प्रतिपिंडं तयार व्हायला ७ ते १४ दिवस पुरतात. म्हणजे वेळेवर सुरुवात केली तर शरीर ही शर्यत जिंकतं. मात्र एकदा विषाणू मज्जातंतूच्या आत गेला की प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत, आणि लक्षणं सुरू झाल्यावर माणूस वाचत नाही असंच धरून चालावं.

लसीने प्रतिपिंडं तयार व्हायला लागणारे ते पहिले दिवस भरून काढण्यासाठी रेबीज इम्युनोग्लोब्युलिन देतात. म्हणजे तयार प्रतिपिंडं, थेट जखमेच्या आत आणि भोवती टोचायची. कातडी फाटून रक्त आलं असेल किंवा ओरखड्यावर, ओठांवर, डोळ्यांत लाळ लागली असेल, तर हे लागतंच. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर नाही.

घरी करायचं ते असं: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. या विषाणूवर मेदाचं आवरण आहे, साबण ते विरघळवतो आणि आवरणाशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. त्यावर पोव्हिडोन आयोडीन लावा. चुना, हळद, मिरची, तेल काही लावू नका. त्याने जखम चिघळते आणि धुणं राहून जातं. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत, कारण सुईने विषाणू खोलवर जातो. लस स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. त्वचेत घेतली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन जागी ०.१ मिली. पूर्वी पूर्ण मात्रा झालेल्यांना ० आणि ३ व्या दिवशी पुरतं आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. कुत्रा पाळीव असेल तर १० दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण लस सुरू करायला त्या १० दिवसांची वाट बघू नका.

प्रश्न : भेंडीची पानं पिवळी पडून शिरा उठून दिसतात, फळंही पांढुरकी निघतात. दोन-तीन फवारण्या केल्या, फरक नाही. पपईवरही पानं आखडतात. औषध कोणतं मारू?
– भाजी उत्पादक, पेडणे

उत्तर : भेंडीवरचा हा केवडा रोग आहे, आणि रोगट झाडाला बरं करणारं औषध बाजारात नाही. जे कोणी विकतात त्यांना पैसे देऊ नका.

याचा विषाणू अगदी छोटा. गोल वळशाचा एकेरी डीएनए, जेमतेम २,७०० अक्षरांचा, आणि त्याच्या जोडीला साधारण १,३५० अक्षरांचा एक उपग्रह डीएनए, ज्याच्यामुळे लक्षणं तीव्र होतात. एवढ्या कमी अक्षरांत डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम बसत नाही. म्हणून तो झाडाचंच एन्झाइम वापरतो. पण वाढून झालेल्या पानाच्या पेशीत ते बंद असतं. विषाणूचं 'रेप' प्रथिन त्या पेशीला पुन्हा डीएनए बनवण्याच्या अवस्थेत ढकलतं. पेशीच्या आत, तिच्याच यंत्रणेवर चाललेलं हे काम फवारणीने थांबत नाही.

झाडाच्या पेशीला भिंत असते, त्यामुळे विषाणूला आत जायला जखम लागते. ती पांढरी माशी करते. एकदा पेशीत गेला की शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटांतून तो पसरतो. म्हणून अडवायचं ते माशीला. रोगट झाडावर पाव-अर्धा तास रस शोषल्यावर विषाणू माशीच्या आतड्यातून लाळेत जायला काही तास लागतात, आणि मग ती जन्मभर रोग पसरवते. मधले हे तास तुमच्या कामाचे आहेत. पानाखाली माशी टिकू दिली नाही तर प्रसार खरंच कमी होतो. पिवळे चिकट सापळे लावा. निंबोळी तेल लिटरमागे ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, पानाच्या खालच्या बाजूने संध्याकाळी फवारा. वाफ्याभोवती मक्याच्या दोन ओळी आधी पेरा. पहिल्या महिन्यात एखादं झाड पिवळं दिसलं की त्याच दिवशी उपटून पिशवीत घालून बाहेर काढा, कारण कोवळ्या वयात लागण झाली तर जवळजवळ सगळं पीक जातं आणि तेच झाड शेजाऱ्यांना रोग देतं. दोन महिन्यांच्या झाडावर उशिरा रोग आला तर तोडे चालू ठेवायला हरकत नाही. बियाणं घेताना परभणी क्रांतीसारखा सहनशील वाण निवडा. सात शिरांची गावठी भेंडी लावायचीच असेल, आणि ती लावावीच असं आम्हाला वाटतं, तर बी निरोगी झाडाचंच राखा.

मळ्यात मिरचीही असेल, तर तिच्या चुरडा-मुरड्यात, म्हणजे पानं आखडण्याच्या रोगात, आधी खात्री करा. पानं वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी असू शकतात. ते कीड आहेत, त्यांना औषध लागू पडतं. शिरा जाड होऊन झाड खुरटलं असेल तर विषाणू. मिरचीची रोपं ४० ते ५० मेशच्या जाळीखाली वाढवली, तर पहिला महिना निभावतो.

पपईचं गणित वेगळं. तिथला विषाणू मावा पसरवतो आणि तो माव्याच्या सोंडेच्या टोकालाच चिकटतो. नुसती चव बघायला मावा बसला, तर काही सेकंदांत काम झालं. कीटकनाशक त्याला मारेपर्यंत रोग लागलेला असतो. तिथे फवारणीवर खर्च करू नका. रोगट झाडं काढा, पपईच्या जवळ भोपळा-काकडीवर्गीय वेल लावू नका, आणि नवी रोपं माव्याच्या जोराचा काळ टाळून लावा.

प्रश्न : घरात दोन मुलांना जुलाब-उलट्या झाल्या. सगळे सॅनिटायझर वापरत होतो, तरी मोठ्यांना लागण झालीच. असं का? आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची?
– गृहिणी, मडगाव

उत्तर : जुलाब-उलट्यांच्या साथीतले नेहमीचे विषाणू, रोटा आणि नोरो, यांच्यावर मेदाचं आवरण नसतं. अल्कोहोल मुख्यतः त्या आवरणावर घाव घालतं. कोरोनावर ते चाललं ते त्यामुळे. उघड्या प्रथिनकवचाचे विषाणू, त्यातही नोरो, त्याला फारशी दाद देत नाहीत. इथे साबण आणि वाहतं पाणीच हवं, निदान २० सेकंद. साबण त्यांना मारत नाही, हातावरून धुऊन काढतो.

फरशी आणि संडासासाठी ब्लीचिंग पावडर वापरा. ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम घातली की साधारण ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. उलटी सांडलेल्या जागेला लिटरला १५ ग्रॅम. आधी कागदाने किंवा फडक्याने घाण पूर्ण उचला, कारण क्लोरीन घाणीवरच खर्च होऊन जातं. मग द्रावण ओतून १० मिनिटं थांबा. द्रावण रोज ताजं करा. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या पिशवीतली पावडर महिन्याभरात मऊ होऊन निकामी होते, ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. संडास साफ करायच्या अॅसिडबरोबर ती कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

विहिरीसाठी आधी पाणी मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५, म्हणजे लिटर. व्यास २ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे १२,५६० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे इथे साधारण ३१ ग्रॅम. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत खोलवर सोडा आणि हलवा. निदान तासभर पाणी उपसू नका, रात्री केलंत तर उत्तम. साथ चालू असेपर्यंत पिण्याचं पाणी तरीही खळखळून उकळा.

जुलाबात अँटिबायोटिक मागू नका. ती औषधं जिवाणूची भिंत किंवा त्याचे रायबोसोम मोडतात. विषाणूकडे दोन्ही नाहीत, तो तर तुमचेच रायबोसोम वापरतो. ओआरएस आणि लहानांना डॉक्टरांच्या सांगण्यावरून झिंक, एवढं बहुतेकदा पुरतं. तान्ह्या बाळाला रोटाची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते.

प्रश्न : आईला कमरेवर नागीण उठली आहे. दोन्ही टोकं जुळली की माणूस दगावतो असं सगळे सांगतात. खरं का?
– वाचक, काणकोण

उत्तर : नाही. आईंना हे आजच सांगा, त्यांची अर्धी भीती जाईल.

नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्याचा डीएनए पाठीच्या कण्याजवळच्या मज्जागाठींत राहतो. तिथे तो नवे कण बनवत नाही, जवळजवळ गप्प असतो. वय, मधुमेह किंवा मोठं आजारपण यांनी प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या गाठीतला विषाणू पुन्हा कामाला लागतो आणि त्या गाठीतून निघणाऱ्या तंतूवरून त्वचेपर्यंत येतो. प्रत्येक गाठ शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळते, म्हणून पुरळ पाठीच्या कण्यापासून पोटाच्या मध्यरेषेपर्यंत येऊन थांबतो. क्वचित दोन्ही बाजूंना उठला तर प्रतिकारशक्ती का कमी झाली ते तपासायला हवं. टोकं जुळण्याने काही होत नाही.

वेळ मात्र घालवू नका. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत असायक्लोव्हिर सुरू करणं उत्तम. नेहमीची मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, ७ दिवस. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती कमी करावी लागते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. हे औषध विषाणूच्या स्वतःच्या एन्झाइमने चालू होतं आणि मग त्याच्या डीएनएची साखळी मधेच तोडतं. म्हणून निरोगी पेशींना त्याचा त्रास कमी. त्याच कारणाने गाठीत गप्प बसलेल्या विषाणूवर ते चालत नाही, तिथे ते एन्झाइम बनतच नसतं. उशीर झाला तर मुख्य भीती असते मागे राहणाऱ्या वेदनेची. ती काही महिने छळू शकते.

पुरळावर गेरू, शेंदूर, पाल्याचा लेप लावू नका. फोड स्वच्छ, कोरडे आणि कपड्याने झाकलेले ठेवा. फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात, तेव्हा खपल्या धरेपर्यंत तान्ही बाळं आणि कांजिण्या न झालेल्या गर्भवती यांना लांब ठेवा. पुरळ कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या टोकावर असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या. ५० वर्षांवरच्यांसाठी नागिणीची लस आता भारतात मिळते, दोन मात्रा २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. आईंना ती या दुखण्यातून पूर्ण बऱ्या झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येईल.